क्रियापद ऐकताना बोटांची पकड: मापनसंच बांधणीच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी: काय मोजायचं

हाताचं काम सांगणारं क्रियापद ऐकलं की चिमटीत धरलेल्या वस्तूवरचा जोर किंचित वाढतो, असं फ्राक, नाझीर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मांडलं. अरावेना आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हीच गोष्ट फ्रेंच वाक्यांवर तपासली. होकारार्थी वाक्यात जोर वाढला, नकारार्थी वाक्यात तशी वाढ दिसली नाही. ऐकणाऱ्याला कुणी हात हलवायला सांगितलेलं नसतं. तो नुसता ऐकत असतो, तरी बोटं थोडी घट्ट होतात.

हा जोर मोजणारा संच मराठी वाक्यांसाठी बांधायचा आहे. भाग साधे आणि स्वस्त आहेत. सगळ्यात महाग पडणारी गोष्ट वेळ, आणि तो सोल्डरिंगपेक्षा वाक्यं निवडण्यात आणि घड्याळं जुळवण्यात जास्त जातो. सुरुवातीलाच एक प्रश्न लिहून भिंतीवर लावावा: जोर बदलला तो अर्थामुळे, की आवाजामुळे, की हाताच्या थकव्यामुळे? पुढची प्रत्येक दुरुस्ती याच प्रश्नातून आली.

७ जानेवारी: बटणांचा प्रयोग बाजूला ठेवला

सुरुवातीला दुसरा पर्याय विचारात होता. ग्लेनबर्ग आणि काशाक यांचा २००२ चा प्रयोग: वाक्य अर्थपूर्ण आहे का ते बटण दाबून सांगायचं, आणि त्यासाठी हात शरीरापासून दूर किंवा शरीराकडे न्यायचा. वाक्यातली दिशा आणि हाताची दिशा एकच असेल तर उत्तर लवकर येतं, असा निष्कर्ष होता. पुढे १८ प्रयोगशाळांनी आराखडा आधी नोंदवून तो पुन्हा करून पाहिला. तो अहवाल २०२२ मध्ये छापून आला आणि परिणाम दिसला नाही. मूळ दोघे संशोधकही त्या कामात सहभागी होते, म्हणून त्या निकालाला जास्तच वजन आहे.

मराठीत तर आणखी एक अडचण आहे. ‘कपाट ढकलतो’ की ‘कपाट ओढतो’ हे शेवटच्या शब्दापर्यंत कळत नाही. तोपर्यंत ऐकणारा थांबून राहतो आणि उत्तराचा वेळ वाक्याच्या लांबीवर अवलंबून राहतो. पकडीचा जोर सलग मोजता येतो, उत्तर द्यावं लागत नाही, आणि वाक्यात नेमकं कुठे काय झालं ते दिसतं. म्हणून पकडच पक्की केली.

९ जानेवारी: सेल आणि चकत्या

१ किलोचा पट्टी प्रकारचा लोड सेल, म्हणजे जोर पडला की त्या प्रमाणात बारीक व्होल्टेज देणारी धातूची पट्टी, घेतला. नेहमी मिळणारा ॲल्युमिनियमचा, साधारण ८० मिलिमीटर लांब आणि १२.७ मिलिमीटर चौरस असतो तो. ५ किंवा १० किलोचा घेऊ नये. चिमटीतला जोर १ ते २ न्यूटनच्या आसपास ठेवायचा आहे आणि शोधायचा बदल त्याच्याही छोट्या अंशाइतका आहे. संवेदनशीलता प्रति व्होल्ट १ मिलिव्होल्ट असेल आणि सेलला ५ व्होल्ट दिले, तर १ किलोच्या पूर्ण भाराला ५ मिलिव्होल्ट मिळतात, म्हणजे १ न्यूटनला जेमतेम अर्धा मिलिव्होल्ट. १० किलोच्या सेलमध्ये हेच दहा पटीनं कमी होतं.

सेल थेट बोटांत धरला तर आकडे हलत नाहीत. पट्टी सेल वाकतो तेव्हाच मोजतो. त्यासाठी एका टोकाला एक चकती, दुसऱ्या टोकाला विरुद्ध बाजूनं दुसरी चकती, आणि चकती व सेलच्या मध्ये २ मिलिमीटरचा वॉशर हवा. वॉशर नसेल तर चकती सेलच्या मधल्या भागाला टेकते आणि जोर मधल्यामधे जिरतो. वजन ठेवल्यावर आकडा अर्धाच येतो, तेव्हा आधी ही फट बघावी.

चकत्या लाकडाच्या, वर पातळ कॉर्क. ॲल्युमिनियमच्या चकत्या दोन कारणांनी काढल्या. बोटांची ऊब सेलपर्यंत पोहोचते आणि शून्य बराच वेळ सरकत राहतं. शिवाय माणसाचं अंग धातूला लागलं की मेन्सची, म्हणजे घरच्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण थेट आत येते. कॉर्कनं दोन्ही कमी झालं. सेलचं अंग वेगळ्या वायरनं ग्राउंडला जोडलं आणि केबल जाळीची घेतली. तरीही लॅपटॉप चार्जरवर असताना गुणगुण वाढत होती, म्हणून मोजणी बॅटरीवरच.

१२ जानेवारी: एचएक्स७११ नाकारला

लोड सेल म्हटलं की त्याचं बारीक व्होल्टेज वाढवून आकड्यात बदलणारी चिप म्हणून सगळे एचएक्स७११ सुचवतात. वजनकाट्याला तो उत्तम आहे, या कामाला नाही. मिळतात त्या बहुतेक बोर्डांवर वेगाची पिन ग्राउंडला जोडलेली असते, त्यामुळे तो सेकंदाला १० नमुने देतो. ती पिन उचलून वरच्या व्होल्टेजला जोडली की ८० मिळतात, म्हणजे दर १२.५ मिलिसेकंदांना एक. पण आतला फिल्टर स्थिरावायला ५० मिलिसेकंद लागतात, आणि चिपचं घड्याळ आतलं असल्यानं ८० हा आकडा बोर्डागणिक थोडा बदलतो. क्रियापद सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काहीशे मिलिसेकंदांत काय होतं ते पाहायचं असताना हे चालत नाही.

त्याऐवजी त्याच कामाची दुसरी चिप, एडीएस१२२०, लावली. २४ बिट, १२८ पट वर्धन, साध्या मोडमध्ये सेकंदाला १००० नमुने. सेलला जो पुरवठा, तोच संदर्भ व्होल्टेज म्हणून चिपला दिला, म्हणजे पुरवठा हलला तरी गुणोत्तर तेच राहतं. १००० नमुन्यांच्या वेगावर या चिपचं ५० हर्ट्झ दाबणारं फिल्टर मिळत नाही. ते २० नमुन्यांच्या वेगापुरतंच आहे. तेवढी गुणगुण नंतर गणितानं काढावी लागते.

सिरियल पोर्टवर पहिला घोटाळा झाला. प्रत्येक नमुना मजकुराच्या ओळीत पाठवला तर वेळ, जोर, स्वल्पविराम, ओळ-शेवट मिळून २० बाइट होतात. १००० नमुन्यांना २०,००० बाइट. ११५२०० च्या वेगात सेकंदाला साधारण ११,५२० बाइटच जातात. बफर भरतो आणि नमुने गुपचूप गळतात. आलेखात ते दिसतही नाही, रेषा फक्त थोडी लहान होते. उपाय: बायनरीत पाठवणं, जोराला ३ बाइट, वेळेला ४, आणि १ बाइटचा चालता क्रमांक. एकूण ८,००० बाइट, आरामात बसतात. तो चालता क्रमांक कधीही वगळू नये. एक जरी नमुना गळला तरी त्यावरूनच कळतं.

१५ जानेवारी: अंशांकन

माहीत असलेली वजनं ठेवून चिपचे आकडे न्यूटनमध्ये बदलायचे: ५०, १०० आणि २०० ग्रॅम. १०० ग्रॅम म्हणजे ०.९८ न्यूटन. सेल आडवा, खालची चकती पक्की, वजन वरच्या चकतीच्या मधोमध. चढत्या क्रमानं ठेवायचं, मग उतरत्या क्रमानं काढायचं. दोन्ही वेळचे आकडे जुळले पाहिजेत. कडेला ठेवलेलं वजन वेगळा आकडा देत असेल तर चकती सैल आहे. बोटं दर वेळी नेमकी मध्ये येत नाहीत, म्हणून चकतीवर बोटाच्या जागी उथळ खळगा कोरला. फरक मोठा पडला.

वजन वाढवल्यावर आकडा कमी होत असेल तर सिग्नलच्या दोन वायरी उलट्या आहेत. बहुतेक सेलमध्ये लाल आणि काळी पुरवठ्याच्या, पांढरी आणि हिरवी सिग्नलच्या. पण सगळे तसं पाळत नाहीत, मीटरनं तपासावं.

१८ जानेवारी: आवाज कधी सुरू झाला

या प्रकल्पात सर्वाधिक वेळ खाणारी बाब हीच. संगणकाला ‘आवाज वाजव’ म्हटलं आणि त्याच क्षणी मायक्रोकंट्रोलरला (चिपकडून नमुने घेणारा छोटा बोर्ड) खूण पाठवली, तर दोन्हींत काही दशक मिलिसेकंदांचं अंतर पडतं. अंतर पडतं एवढ्यावर भागलं असतं, ते वजा करता आलं असतं. पण ते दर वेळी वेगळं असतं. ब्लूटूथ हेडफोनचा तर विचारही नको.

म्हणून खूण आवाजाच्या फाइलमध्येच ठेवली. स्टिरिओ फाइल, डावीकडे वाक्य, उजवीकडे ५ मिलिसेकंदांचा १ किलोहर्ट्झच्या सुराचा झटका, त्याला पुढे स्फोट म्हटलं आहे. डावी बाजू दोन्ही कानांना, उजवी बाजू कंपॅरेटरला, म्हणजे दोन व्होल्टेजची तुलना करून हो-नाही सांगणाऱ्या चिपला. १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, १० किलोओमच्या दोन रोधकांनी मध्यावर आणलेलं व्होल्टेज, कंपॅरेटर म्हणून एलएम३९३, आणि त्याचं आउटपुट मायक्रोकंट्रोलरच्या इंटरप्ट पिनवर. एलएम३९३ ला आउटपुटवर वर खेचणारा रोधक लागतोच, नाहीतर पिन कधी वर जातच नाही.

आधी हा स्फोट क्रियापदाच्या सुरुवातीला ठेवला होता, सोयीचं म्हणून. त्यामुळे सगळे आलेख बिघडले. हेडफोनच्या जॅकमध्ये दोन्ही बाजूंची परतीची वायर एकच असते, त्यामुळे उजवीकडचा स्फोट डावीकडे अगदी बारीक ऐकू येतो. ऐकणाऱ्याला तो जाणवला असं सांगताही येत नाही, पण अचानक आलेल्या आवाजानं बोटं आवळली जातात. क्रियापदावर सुंदर उंचवटा दिसत होता, आणि तो अर्थाच्या क्रियापदांवर होता तसाच निरर्थक आवाजांवरही होता.

दुरुस्ती: स्फोट वाक्याच्या १ सेकंद आधी. तिथून क्रियापदापर्यंत किती नमुने आहेत ते फाइलमध्ये पक्कं असतं, ते मोजून घ्यायचं. दुसरा स्फोट वाक्य संपल्यावर २ सेकंदांनी. तो लागतो, कारण साध्या आर्डुइनो उनोच्या मुख्य चिपला क्वार्ट्झऐवजी सिरॅमिक रेझोनेटर असतो आणि त्याची चूक अर्ध्या टक्क्यापर्यंत जाऊ शकते. ४ सेकंदांत अर्धा टक्का म्हणजे २० मिलिसेकंद. दोन खुणांमधलं खरं अंतर फाइलवरून माहीत असतं, त्या प्रमाणात मायक्रोकंट्रोलरची वेळ ताणून घ्यायची.

२३ जानेवारी: वाक्यं, पहिली यादी फेटाळली

पहिल्या यादीत ‘सुतार खिळा ठोकतो’, ‘ती पीठ मळते’ अशी वाक्यं होती, आणि त्यांच्यासमोर ‘त्याला पाऊस आवडतो’ अशी. वरवर पाहता बरोबर वाटते. तीन कारणांनी ती टाकून द्यावी लागली.

पहिलं कारण: मराठीत क्रियापद शेवटी येतं. ‘सुतार खिळा’ ऐकल्यावर ‘ठोकतो’ यायच्या आतच ते डोक्यात येतं. हाताची तयारी ‘खिळा’ या शब्दावरच सुरू झाली असेल, तर क्रियापदाच्या आधीचे ३०० मिलिसेकंद मूळ पातळी म्हणून धरणं चूक ठरतं. आपण वाढ आधीच त्या पातळीत मिसळून मग वजा करतो, आणि परिणाम नाही असं म्हणतो. फ्रेंचमध्ये क्रियापद कर्माच्या आधी येतं, तिथे ही अडचण अशी उभी राहत नाही. म्हणून दोन गोष्टी केल्या. मूळ पातळी कर्म सुरू होण्याच्या आधी घेतली. आणि कर्म दोन्ही गटांत तेच ठेवलं.

दुसरं कारण: खिळा, सुरी, दोरी या हातात धरायच्या वस्तू आहेत, पाऊस नाही. नुसत्या नामानंही हात हलू शकतो. कर्म तेच ठेवल्यानं हाही प्रश्न सुटतो.

तिसरं कारण आवाजाचं. ‘ठोकतो’ मधला ठ फुटून येतो, ‘आवडतो’ मधला आ हळूच उघडतो. फुटणाऱ्या आवाजाला बोटं आपोआप दाद देतात. दोन्ही क्रियापदं एकाच ध्वनीनं सुरू व्हायला हवीत.

तिन्ही अटी पाळणाऱ्या जोड्या शोधणं कष्टाचं आहे, पण मिळतात. ‘तो दोरी ओढतो’ आणि ‘तो दोरी ओळखतो’. ‘ती फळी उचलते’ आणि ‘ती फळी उधार मागते’ ही चालत नाही, मागण्यात शब्द वाढतात. ‘तो कागद फाडतो’ ला फ नं सुरू होणारं, कागदाशी जुळणारं हातविरहित क्रियापद सहज मिळत नाही, तिथे निदान वर्ग जुळवला: फुटणाऱ्यासमोर फुटणारा, स्वरासमोर स्वर. शब्दांची लांबीही मिलिसेकंदांत मोजून जुळवली. अक्षरं मोजून भागत नाही.

२७ जानेवारी: चकवणारी क्रियापदं

मराठीतली सगळ्यात हाताळलेली क्रियापदं या कामात निरुपयोगी ठरतात. मारणे: हाक मारतो, गप्पा मारतो, उडी मारतो. घेणे: शपथ घेतो, झोप घेतो. देणे: दम देतो, होकार देतो. धरणे: आग्रह धरतो, अबोला धरतो. काढणे: आठवण काढतो, दिवस काढतो. लावणे: फोन लावतो, जीव लावतो. टाकणे तर दुसऱ्या क्रियापदाला चिकटून येतं आणि फेकण्याचा अर्थच उरत नाही: वाचून टाकलं, सांगून टाकलं. रोजच्या बोलण्यात ही क्रियापदं हातापेक्षा इतर कामांतच जास्त येतात. ‘दगड मारतो’ असं वाक्य दिलं तरी त्या शब्दाला हाताचं वजन किती उरलं आहे ते सांगता येत नाही.

ही सगळी वगळली. उरलेल्यांतही गाळणी लागली. ‘पुसणे’ काही भागांत विचारणे या अर्थानं येतं. ‘मळणे’ म्हणजे कपडे मळणेही. ‘शिवणे’ ला दोन अर्थ आहेत, पण दोन्ही हाताचेच, ते ठेवलं. शेवटी टिकली ती ओढणे, ढकलणे, कापणे, सोलणे, पिळणे, दाबणे, फाडणे, घासणे, चोळणे, उचलणे, विणणे, खरवडणे अशी. यांतही पिळणे, दाबणे, चोळणे यांत बोटं आवळावी लागतात, ढकलण्यात तळवा लागतो. पकड मोजत असताना हा भेद महत्त्वाचा आहे. यादीत वेगळा रकाना करून आवळण्याची आणि न आवळण्याची क्रियापदं आधीच चिन्हांकित केली, म्हणजे नंतर आकडे पाहून गट पाडण्याचा मोह होत नाही.

कर्ता कोण? ‘मी ओढतो’ म्हटलं की बोलणारा पुरुष, ‘मी ओढते’ म्हटलं की स्त्री, आणि निम्म्या ऐकणाऱ्यांना ते ‘मी’ स्वतःचं वाटत नाही. ‘मी दोरी ओढली’ मध्ये क्रियापद दोरीप्रमाणे चालतं, ही अडचण जाते, पण काम होऊन गेलेलं असतं. आज्ञार्थ पूर्ण वगळला: ‘ओढ’ म्हटल्यावर ऐकणारा एकतर ओढू पाहतो किंवा स्वतःला आवरतो, आणि दोन्हींचा पकडीवर परिणाम होतो. तृतीय पुरुष, साधा वर्तमानकाळ, निम्मी वाक्यं ‘तो’, निम्मी ‘ती’. हे ठरवलं.

१ फेब्रुवारी: नकार

इथे मराठी फ्रेंचपेक्षा पूर्ण वेगळी पडते आणि प्रयोगाचा सगळ्यात रसाळ भाग हाच आहे. फ्रेंच वाक्यात नकाराची पहिली खूण क्रियापदाच्या आधी येते, म्हणजे ऐकणाऱ्याला काम होणार नाही हे आधीच कळतं. मराठीत ‘तो दोरी ओढत नाही’. क्रियापद आधी, नकार नंतर. ‘ओढत’ पर्यंत ऐकलेल्याला दोरी ओढली जातेय की नाही हे ठाऊक नसतं. अर्थ हाताला हलवत असेल तर इथे जोर आधी वाढून ‘नाही’ वर उतरायला हवा. ‘ओढतो’ आणि ‘ओढत नाही’ यांत फरक पडतो तो शेवटच्या अक्षरापाशी. म्हणून नकारार्थी वाक्यांत वेळ मोजायला सुरुवात करण्याचे दोन शून्यबिंदू ठेवले, एक क्रियापदाच्या सुरुवातीला, दुसरा ‘नाही’ च्या सुरुवातीला.

समोर तुलनेला नकार आधी कळेल अशी वाक्यं लागतात. ‘मुळीच’ आणि ‘अजिबात’ हे शब्द पुढे नकार येणार हे आधीच सांगतात: ‘तो दोरी मुळीच ओढत नाही’. ‘कधीच’ वापरू नये, कारण ‘तो कधीच गेला’ यात नकार नाही. होकारार्थी जोडीत त्या जागी तेवढाच लांब क्रियाविशेषण हवा, आणि तो जोर सांगणारा नको. ‘हळूच’, ‘जोरात’, ‘घट्ट’ ही सगळी बोटांना थेट सूचना आहेत. ‘सकाळी’ निवडला.

असे चार प्रकार झाले: सकाळी ओढतो, सकाळी ओढत नाही, मुळीच ओढत नाही, सकाळी ओळखतो. एका ऐकणाऱ्याला एकच दोरी चार वेळा ऐकवली तर दुसऱ्या वेळेपासून कान कंटाळतो. चार याद्या केल्या, प्रत्येक कर्म प्रत्येक यादीत एकाच प्रकारात.

६ फेब्रुवारी: ध्वनिमुद्रण

एकच आवाज, एकाच बैठकीत, सपाट सांगण्याच्या सुरात. नकारार्थी वाक्य बोलताना आवाज आपोआप चढतो, विशेषतः ‘मुळीच’ वर. चढलेलं मुद्रण सरळ फेटाळावं, संपादनात सपाट करू नये, कृत्रिम वाटतं. सगळ्या वाक्यांची सरासरी पातळी सारखी केली. सुरुवातीला १० मिलिसेकंदांचा चढ दिला, नाहीतर टक् असा आवाज येतो.

क्रियापदाची सुरुवात प्राट या ध्वनिविश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये हातानं खुणावली. ‘दोरी ओढतो’ मध्ये ई आणि ओ एकमेकांत मिसळतात, रेषा कुठे मारायची यावर दोन माणसांत ३० मिलिसेकंदांपर्यंत मतभेद होतात. दोघांनी स्वतंत्रपणे खुणा करून मोठा फरक असलेली वाक्यं पुन्हा मुद्रित केली. ‘सकाळी’ मध्ये आल्यावरही ई-ओ ची हीच गाठ राहते. बोलणाऱ्यानं किंचित थांबा घेणं हाच उपाय, पण तो थांबा सगळ्या प्रकारांत सारखाच हवा.

१० फेब्रुवारी: हात कसा ठेवायचा

अंगठा एका चकतीवर, तर्जनी आणि मधलं बोट दुसऱ्या चकतीवर. कोपर टेबलावर, मनगट हवेत, सेल कशालाही टेकलेला नाही. सेल टेबलाला टेकला तर वजनाचा भार बदलतो आणि हात खाली दाबला की जोर वाढल्यासारखा दिसतो. केबल कोपरापाशी पट्टीनं बांधली, तिचं ओझं सेलवर येऊ नये म्हणून. डोळे मिटलेले.

पडद्यावर जोराचा आकडा दाखवू नये. दाखवला तर माणूस तो सांभाळत बसतो आणि ऐकत नाही. न दाखवल्यास जोर काही सेकंदांत हळूहळू उतरू लागतो, हे बोटांच्या बाबतीत नेहमीचंच आहे. म्हणून प्रत्येक वाक्याआधी पातळी १ ते २ न्यूटनच्या आत आहे का ते प्रोग्रॅम तपासतो. नसेल तर मऊ सुरानं कळवतो आणि ती आत येऊन २ सेकंद स्थिर राहिली की वाक्य सुरू. हा उतार सगळ्या प्रकारांत सारखाच असतो, पण लांब वाक्यांत जास्त दिसतो. लांबी जुळवण्याचं आणखी एक कारण.

१२ वाक्यांची एक फेरी, मग सेल खाली ठेवून विश्रांती. समजलं का हे विचारणारे प्रश्न विश्रांतीच्या आधी, पण सेल ठेवल्यावरच. बोलताना, होकारार्थी मान हलवताना, गिळतानासुद्धा बोटं आवळतात.

नाडीचा ठोका आलेखात स्पष्ट दिसतो, सेकंदाला एकाच्या आसपास. श्वासाची संथ लाट त्याच्याखाली. ८ ते १२ हर्ट्झचा नैसर्गिक कंप त्याच्यावर. हे दोष नाहीत, जिवंत हात असाच असतो. वाक्यांची सरासरी काढली की ते एकमेकांना खातात, फक्त वाक्यं पुरेशी हवीत: गोंगाट निम्मा करायचा तर वाक्यं चौपट.

१४ फेब्रुवारी: फिल्टर आणि भूतकाळात सरकणारा जोर

१० हर्ट्झपेक्षा वेगवान बदल दाबणारं फिल्टर (लो-पास बटरवर्थ), पुढून आणि मागून असं दोनदा चालवलं. दोनदा चालवल्यानं कापण्याची सीमा खाली येते. द्वितीय श्रेणीच्या फिल्टरला ती १० वर हवी असेल तर १० ला ०.८०२ नं भागून १२.५ च्या आसपास ठेवावी लागते.

मोठी अडचण वेगळी. मागून चालवलेलं फिल्टर बदल आधीच्या वेळेतही पसरवतं. तपासण्यासाठी चकतीवर पेन्सिलीनं टिचकी मारून पाहिली: टिचकीच्या आधीच जोर वाढलेला दिसतो. ‘क्रियापद सुरू व्हायच्या आतच हात तयार होतो’ असं दाखवणारा आलेख यातून बिनदिक्कत तयार होतो. मराठीत कर्मावरून खरोखरच अंदाज बांधता येत असल्यानं तो खराही वाटतो. त्यामुळे सुरुवातीची वेळ सांगायची असेल तर फक्त पुढून चालणारं फिल्टर आणि त्याचा ठरलेला उशीर वजा, एवढंच वापरायचं. दुहेरी फिल्टर सरासरी उंची मोजण्यापुरतं.

१९ फेब्रुवारी: न समजणाऱ्याचा हात

अर्थ आणि आवाज वेगळे करण्याचा सगळ्यात सरळ मार्ग हाच निघाला. तेच मुद्रण, तोच सेल, पण ऐकणाऱ्याला मराठी येत नाही. त्याच्या हातात जो फरक उरेल तो अर्थाचा नाही. उलटं वाजवलेलं वाक्य हाही पर्याय पाहिला. त्यात ध्वनीची एकूण ऊर्जा तीच राहते, पण शब्दांची सुरुवात शेवटी जाते आणि फुटणारे ध्वनी फुगून येतात, म्हणून ते दुय्यम.

ऐकणारे निवडताना काळजी घ्यावी. हिंदी येणाऱ्याला ‘दाबतो’, ‘फाडतो’ सारखे शब्द सहज लागतात. कोंकणी किंवा गुजराती येणाऱ्यालाही बरंच कळतं. नंतर यादी वाचून दाखवून कोणते शब्द ओळखीचे वाटले ते विचारायचं, आणि ओळखलेली वाक्यं त्याच्या आकड्यांतून वगळायची. वगळण्याचा हा नियम आधी लिहून ठेवलेला हवा.

ऐकणाऱ्यांना प्रयोगाआधी ‘ऐकण्याची आणि स्थिर धरण्याची चाचणी’ एवढंच सांगितलं जातं, लेखी संमती घेऊन, आणि संपल्यावर पूर्ण हेतू समजावला जातो. हेतू आधी कळला तर ‘ओढतो’ ऐकताच बोटं मुद्दाम घट्ट होतात.

२२ फेब्रुवारी: आकडे उघडण्याआधी

नियम लिहून तारखेसह कुलूपबंद केले. मूळ पातळी: कर्माच्या आधीचे ३०० मिलिसेकंद. पातळीपासून ०.५ न्यूटनपेक्षा मोठी उडी असलेलं वाक्य बाद, आणि हे ठरवताना प्रकार झाकलेला. प्रश्नांची निम्म्यापेक्षा जास्त उत्तरं चुकली तर त्या व्यक्तीची नोंद बाद. विश्लेषणात व्यक्ती आणि वाक्य दोन्ही यादृच्छिक घटक म्हणून, म्हणजे माणसागणिक आणि वाक्यागणिक पडणारा फरक हिशोबात धरून, कारण एकटी ‘पिळते’ सारखी वाक्यं सरासरी ओढून नेऊ शकतात.

मोजण्याच्या खिडक्या तीन: कर्मापासून क्रियापदापर्यंत, क्रियापदापासून ‘नाही’ पर्यंत, आणि ‘नाही’ नंतर. होकारार्थी वाक्यात ‘नाही’ नसतं, तिथे तिसरी खिडकी ‘ओढतो’ मधल्या ‘तो’ पासून धरली, कारण होकार तिथेच पक्का होतो. पहिल्या खिडकीत चारही प्रकारांत दोरी तीच असल्यानं तिथे प्रकारांत फरक दिसला तर तो फक्त ‘सकाळी’ आणि ‘मुळीच’ यांच्यातला असू शकतो. ‘सकाळी’ च्या तीन प्रकारांत आपापसांत फरक दिसला तर संचात काहीतरी बिघडलं आहे, पुढचं काही वाचू नये.

प्रत्येक व्यक्तीची कच्ची बायनरी फाइल, अंशांकनाचे आकडे, खोलीचं तापमान आणि आवाजाच्या फाइलींची आवृत्ती एकत्र ठेवली जाते. आवाजाची एक फाइल जरी बदलली तरी शून्यबिंदूंची यादी नव्यानं काढावी लागते, म्हणून फाइलच्या नावातच आवृत्ती क्रमांक आहे.